३८८ विरुद्ध १

तुमच्या मतदारसंघाचे खासदार कोण, हे तुम्हाला नक्की ठाऊक असेल. त्यांचा पक्ष माहीत असेल, चौकातल्या बॅनरवरचा त्यांचा फोटो पाठ असेल, त्यांची एखादी भाषणाची क्लिपही फॉरवर्ड होऊन तुमच्यापर्यंत आली असेल. आता जरा अवघड प्रश्न. लोकसभेत त्यांनी शेवटचं मत कोणत्या विधेयकावर दिलं? आणि ते ‘हो’ होतं की ‘नाही’?

कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकून बघा. बहुतेक ठिकाणी एकदम शांतता पसरेल. गंमत अशी, की आपण त्यांना निवडून देतो ते मुळात याच कामासाठी. रस्ते, गटारं, समाजमंदिरं ही कामं नगरसेवकापासून आमदारापर्यंत अनेकांच्या खात्यावर असतात. पण देशाचा कायदा करायचा की नाही, सरकार ठेवायचं की पाडायचं, यावर आपल्या वतीनं हात वर करणारा माणूस एकच. त्या हाताचा हिशेब म्हणजे लोकप्रतिनिधीचं ‘व्होटिंग रेकॉर्ड’.

हा हिशेब किती बोलका असू शकतो आणि तो कसा वाचायचा, हे समजून घ्यायचं तर एका बाईंची कारकीर्द बघायला हवी. जेनेट रँकिन. अमेरिकेच्या संसदेत निवडून आलेली पहिली महिला. त्या प्रतिनिधिगृहात फक्त दोनदा निवडून आल्या, दोन वर्षं आणि पुन्हा दोन वर्षं. मध्ये जवळपास बावीस वर्षांचा खंड. आणि दोन्ही वेळा त्यांच्यासमोर एकच प्रश्न येऊन उभा राहिला: देशानं महायुद्धात उतरायचं का?

दोन्ही वेळा त्यांचं उत्तर होतं, ‘नाही’.

मत नसलेल्यांची प्रतिनिधी

रँकिन यांचा जन्म ११ जून १८८० चा, मोंटानातल्या मिसूला गावाजवळचा. मोंटाना तेव्हा राज्यही झालेलं नव्हतं. वडील रँचवाले आणि लाकडाचे व्यापारी, आई लग्नाआधी शिक्षिका. १९०२ मध्ये जीवशास्त्रात पदवी घेतली आणि मग आज आपल्यापैकी अनेकांचं होतं तेच झालं: पुढे काय, हे कळेना. काही दिवस शिकवलं, काही दिवस शिवणकाम केलं, मग न्यूयॉर्कला जाऊन समाजकार्याचं शिक्षण घेतलं.

वाट सापडली ती महिलांच्या मताधिकाराच्या चळवळीत. १९१० मध्ये वॉशिंग्टन राज्यात महिलांना मताधिकार मिळाला, त्या मोहिमेत त्यांनी काम केलं. पुढच्याच वर्षी मोंटानाच्या विधिमंडळासमोर त्यांनी भाषण केलं. तिथं बोलणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९१४ मध्ये मोंटानातल्या पुरुष मतदारांनी महिलांना मताधिकार देण्याचा कौल दिला. आणि दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९१६ मध्ये, रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवार म्हणून रँकिन थेट वॉशिंग्टनला निवडून गेल्या. प्रचाराचा खर्च आणि व्यवस्थापन वकील असलेल्या भावानं, वेलिंग्टन रँकिन यांनी सांभाळलं.

यातला पेच लक्षात घ्या. अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत तेव्हा बायकांना मतच नव्हतं. म्हणजे रँकिनबाई संसदेत कायदे करणार, पण शेजारच्या एखाद्या राज्यात त्या राहत असत्या तर त्यांना स्वतःला मतदान करता आलं नसतं. त्यामुळे त्या केवळ मोंटानाच्या प्रतिनिधी राहिल्या नाहीत. देशभरातल्या मत नसलेल्या बायकांच्या नजरा त्यांच्यावर होत्या. आणि ‘बायकांना राजकारण झेपत नाही’ म्हणणाऱ्यांच्याही.

पहिल्याच आठवड्यात परीक्षा

२ एप्रिल १९१७. रँकिन यांचा शपथविधी झाला. पुष्पगुच्छ, टाळ्या, फोटोग्राफर. आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी दोन्ही सभागृहांसमोर येऊन जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली. काही महिन्यांपूर्वीच विल्सन ‘यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं’ या प्रचारावर पुन्हा निवडून आले होते. पण फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्यांनी कोणतंही बंधन न पाळता जहाजं बुडवायला सुरुवात केली आणि वारं फिरलं.

४ एप्रिलला सिनेटनं ठराव ८२ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला. प्रतिनिधिगृहातली चर्चा मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच होती. रँकिन यांच्यावर चहूबाजूंनी दबाव होता. भाऊ सांगत होता, ‘नाही’ म्हणालीस तर पुन्हा निवडून येणार नाहीस. मताधिकार चळवळीतही दोन तट पडले होते. कॅरी चॅपमन कॅट यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यांना धास्ती होती, की पहिल्याच महिलेनं युद्धाला विरोध केला तर सगळी चळवळच देशद्रोही ठरेल. अ‍ॅलिस पॉल यांचा गट मात्र त्यांच्या बाजूनं होता.

तेव्हा नावं पुकारून मतदान व्हायचं. नावांची यादी दोनदा वाचली जायची. पहिल्या वाचनात ज्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांना दुसऱ्यांदा संधी. पहिल्यांदा नाव पुकारलं गेलं तेव्हा रँकिन गप्प बसल्या. सभागृहाचे माजी अध्यक्ष जो कॅनन त्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, तुम्हाला मत न देऊन चालणार नाही, तुम्ही या देशातल्या बायकांच्या प्रतिनिधी आहात. दुसऱ्यांदा नाव आलं, तेव्हा त्या उभ्या राहिल्या. मतदानाच्या वेळी भाष्य करायचं नाही हा तिथला संकेत. तो मोडून त्या म्हणाल्या, ‘मला माझ्या देशाच्या पाठीशी उभं राहायचंय, पण मी युद्धासाठी मत देऊ शकत नाही.’

६ एप्रिलच्या पहाटे निकाल लागला: ३७३ विरुद्ध ५०.

हा आकडा नीट वाचा. पन्नास. म्हणजे रँकिन यांच्याशिवाय ४९ पुरुषांनी ‘नाही’ म्हटलं होतं. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचे सभागृहातले नेते क्लॉड किचिन त्यांच्यात होते. आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध गेलेला नेता ही खरं तर केवढी मोठी बातमी! पण वर्तमानपत्रांनी झोडपलं ते रँकिनबाईंना. त्यांच्याच राज्यातल्या ‘हेलेना इंडिपेंडंट’नं त्यांना जर्मन प्रचारकांच्या हातातला खंजीर आणि रडणारी शाळकरी मुलगी ठरवलं. त्या खरंच रडल्या का, यावर रकानेच्या रकाने भरले. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो ला गार्डिया तेव्हा सभागृहात होते. त्यांना कुणी तरी हे विचारलं. ते म्हणाले, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला काही दिसलं नाही.

ट्रोलिंग हा शब्द तेव्हा जन्मायचा होता. पद्धत मात्र जुनीच आहे.

बातमीत न आलेली मतं

इथंच गोष्ट थांबवली तर रँकिन म्हणजे ‘युद्धाला नाही म्हणणारी बाई’ एवढंच चित्र उरतं. रील तेवढंच बनेल. पण व्होटिंग रेकॉर्ड म्हणजे संपूर्ण यादी. आणि उरलेल्या यादीत बरंच काही सापडतं.

सरकारी नोटा आणि रोखे छापणाऱ्या खात्यातल्या कामगार बायकांना युद्धाच्या धामधुमीत राब-राब राबवलं जातंय, अशा तक्रारी रँकिन यांच्याकडे आल्या. त्यांनी स्वतः चौकशी केली, प्रश्न लावून धरला आणि तिथं आठ तासांचा दिवस लागू झाला.

जून १९१७ मध्ये मोंटानातल्या ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत आग लागली आणि १६८ कामगार गेले. कामगार संपावर उतरले. रँकिन त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि केंद्र सरकारनं मध्यस्थी करावी म्हणून त्यांनी धडपड केली. समोर होती अ‍ॅनाकोंडा ही बलाढ्य तांबे कंपनी. राज्यातली अनेक वर्तमानपत्रं तिच्या मुठीत होती. अशा कंपनीशी वैर घेणं म्हणजे पुढच्या निवडणुकीवर पाणी सोडणं, हे मोंटानात कुणालाही कळत होतं.

परदेशी पुरुषाशी लग्न केलं की अमेरिकन बाईचं नागरिकत्व जायचं. ते जाऊ नये यासाठी त्यांनी विधेयक आणलं. बाळंतीण आणि अर्भकांच्या आरोग्यासाठी सरकारनं खर्च करावा, यासाठीही आणलं. त्यांच्या कारकिर्दीत ती मंजूर झाली नाहीत, पण त्याच वाटेनं जाणारे कायदे १९२१ आणि १९२२ मध्ये झाले.

आता यादीतली सगळ्यात अवघड नोंद. डिसेंबर १९१७ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव आला. तो ३६५ विरुद्ध १ मतानं मंजूर झाला. तो एक कोण? रँकिन नव्हे. ते होते न्यूयॉर्कचे समाजवादी सदस्य मेयर लंडन. रँकिन यांनी ‘हो’ म्हटलं! त्यांचं म्हणणं असं, की हा नव्यानं युद्ध सुरू करण्याचा प्रश्न असता तर मी विरोधच केला असता, पण आधीच सुरू झालेल्या युद्धातली ही एक तांत्रिक बाब आहे. या युद्धासाठी पैसा आणि माणसं पुरवण्याच्या बाजूनं मी मत दिलं, तसंच याही बाजूनं देईन.

ही विसंगती म्हणायची का? म्हणता येईल. सैनिक एकदा रणांगणावर गेले की त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही, असा विचारही त्यात दिसतो. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा. मुद्दा इतकाच, की ठरवता येतं. कारण मत नोंदलेलं आहे, तारखेसह, नावासह.

एका मताची किंमत

१० जानेवारी १९१८. महिलांना देशभर मताधिकार देणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहासमोर आली. चर्चेची सुरुवात केली सभागृहातल्या एकमेव महिलेनं. रँकिन यांनी विचारलं, जगात लोकशाही सुरक्षित राहावी म्हणून युद्धाला होकार देणारी हीच संसद आपल्याच देशातल्या बायकांना लोकशाहीचा एवढासा वाटा नाकारणार असेल, तर त्यांना लोकशाहीचा अर्थ कसा समजावून सांगणार?

घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात. एकेक मत मोलाचं होतं. टेनेसीचे थीटस सिम्स मोडलेला खांदा घेऊन आले, मतदान होईपर्यंत उपचार नको म्हणाले. न्यूयॉर्कचे फ्रेडरिक हिक्स यांची पत्नी नुकतीच वारली होती. ती स्वतः मताधिकाराची समर्थक होती. तिच्या इच्छेखातर ते वॉशिंग्टनला आले, मत दिलं आणि अंत्यविधीसाठी परत गेले.

निकाल: २७४ विरुद्ध १३६. ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी एकानं जरी बाजू बदलली असती तरी दुरुस्ती तिथंच पडली असती.

पुढे सिनेटमध्ये ती अडकली. १९१९ मध्ये दोन्ही सभागृहांनी ती पुन्हा मंजूर केली आणि ऑगस्ट १९२० मध्ये ती राज्यघटनेचा भाग झाली. पण १९१९ च्या मतदानाच्या वेळी रँकिन संसदेत नव्हत्या. मोंटानाचे दोन मतदारसंघ पाडले गेले, त्यात त्यांच्या वाट्याला विरोधी पक्षाचा गड आला. म्हणून त्यांनी १९१८ मध्ये सिनेटसाठी उमेदवारी मागितली. पक्षांतर्गत निवडणुकीत थोडक्यात हरल्या, मग तिसऱ्या पक्षाकडून लढल्या, तिथंही हरल्या. भावाचं भाकीत खरं ठरलं.

पुढची वीस-एकवीस वर्षं त्या सभागृहाबाहेरच राहिल्या, पण घरी बसल्या नाहीत. बालकामगार, माता-बालकांचं आरोग्य आणि मुख्य म्हणजे शांतता, हे त्यांचे विषय. १९२९ ते १९३९ या काळात युद्धबंदीसाठी काम करणाऱ्या एका संघटनेच्या वतीनं त्या खासदारांच्या दारात जाऊन पाठपुरावा करत होत्या.

दुसऱ्यांदा तोच प्रश्न

१९४० मध्ये युरोप पेटलेला होता. साठ वर्षांच्या रँकिन पुन्हा मोंटानातून उभ्या राहिल्या. प्रचाराचा मुद्दा स्पष्ट होता: अमेरिकेला युद्धाबाहेर ठेवायचं. मतदारांनी त्यांना निवडून दिलं.

७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. रँकिन तेव्हा एका भाषणासाठी रेल्वेनं डेट्रॉइटला निघाल्या होत्या. बातमी कळल्यावर पिट्सबर्गला उतरून त्या वॉशिंग्टनला परतल्या. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं काही मिनिटांचं भाषण झालं आणि लगेच ठराव आला. रँकिन बोलण्यासाठी उभ्या राहिल्या. अध्यक्षस्थानी असलेल्या सॅम रेबर्न यांनी त्यांना बोलूच दिलं नाही. त्या पुन्हा उठल्या, पुन्हा दुर्लक्ष. ‘खाली बसा’ असा ओरडा सुरू झाला. सहकारी येऊन विनवत होते, निदान ‘नाही’ तरी म्हणू नका.

१९१७ मध्ये त्या पन्नासांतल्या एक होत्या. या वेळी सभागृहात आणखीही महिला होत्या. त्यांनी होकार दिला. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ०. रँकिन यांचं नाव पुकारलं गेलं. त्या म्हणाल्या, ‘एक स्त्री म्हणून मी स्वतः युद्धावर जाऊ शकत नाही, आणि दुसऱ्या कुणालाही पाठवायला मी नकार देते.’

३८८ विरुद्ध १.

सभागृहातून बाहेर पडताना लोकांनी त्यांना घेरलं. त्या टेलिफोन बूथमध्ये शिरल्या आणि दार लावून घेतलं. शेवटी पोलिसांनी त्यांना कार्यालयापर्यंत पोहोचवलं. भावाची तार आली: मोंटाना शंभर टक्के तुझ्या विरोधात आहे. या सगळ्या गदारोळात कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावातले संपादक विल्यम अ‍ॅलन व्हाइट यांनी मात्र वेगळा सूर लावला. त्यांना हे मत साफ चुकीचं वाटत होतं, तरी त्यामागच्या धैर्याचं त्यांनी जाहीर कौतुक केलं. न पटणाऱ्या मताचा आदर करता येतो, हे त्या आठवड्यात फार थोड्यांना सुचलं.

तीन दिवसांनी जर्मनी आणि इटलीविरुद्धचे ठराव आले. या वेळी रँकिन यांनी ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही. त्यांनी उत्तर दिलं, ‘उपस्थित’. हा तिसरा पर्याय. मी इथं आहे, पण मत देत नाही. त्यांना तो पर्याय आधीही होताच. ८ डिसेंबरला त्यांनी तो घेतला नाही, ११ ला घेतला.

मग त्या बरोबर होत्या की चूक? पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या सहभागाबद्दल नंतर अनेकांना शंका आल्या, त्यामुळे १९१७ चं मत लोकांनी बऱ्यापैकी समजून घेतलं. १९४१ चं प्रकरण तसं नाही. देशावर हल्ला झालेला होता, आणि हिटलर व त्याच्या मित्रराष्ट्रांना रोखायला शस्त्र उचलण्यावाचून दुसरा कोणता मार्ग होता, याचं उत्तर रँकिन यांच्या मतात नाही. वर्षभरानं त्यांनी संसदेच्या नोंदींत पर्ल हार्बरविषयी प्रश्नांचं एक टिपण दाखल केलं, रूझवेल्ट सरकारनंच जपानला चिथावलं असं सुचवणारं. त्यावर आजही वाद होतात. १९४२ मध्ये त्या पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत.

पण एक गोष्ट त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावी लागते. युद्धाला विरोध हेच त्यांनी प्रचारात सांगितलं होतं, आणि सभागृहात तेच केलं. मतदारांना जे दाखवलं, तेच दिलं. ते मतदारांना नंतर नकोसं झालं, तर ती किंमतही त्यांनी स्वतः मोजली. पक्षाच्या, नेत्याच्या किंवा ‘वरून आदेश होता’च्या मागे त्या लपल्या नाहीत.

पुढे गांधीजींच्या अहिंसेच्या ओढीनं त्यांनी १९४६ ते १९७१ या काळात भारताच्या सात वाऱ्या केल्या. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो महिलांचा मोर्चा त्यांनी वॉशिंग्टनमध्ये नेला. १८ मे १९७३ ला त्या गेल्या. ज्या संसद भवनात त्यांना बोलू दिलं नव्हतं, तिथं १९८५ मध्ये त्यांचा पुतळा बसला. त्याच्या चौथऱ्यावर त्यांचेच शब्द आहेत: मी युद्धासाठी मत देऊ शकत नाही.

आपल्याकडे काय?

आता आपल्या खासदारांकडे येऊ. रँकिन यांच्याविषयी शंभर वर्षांनंतरही आपण इतकं तपशिलात बोलू शकतो, कारण अमेरिकेच्या राज्यघटनेतच तरतूद आहे: हजर सदस्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली, की प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवावं लागतं. तिथंही पक्षाचे व्हिप असतात. ते समजावतात, दबाव आणतात, पण विरोधात मत दिलं म्हणून सदस्यत्व जात नाही.

आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, आवाजी मतदान. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं’, ‘प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं’ आणि मग अध्यक्षांचा निर्णय. बरीचशी विधेयकं अशीच मंजूर होतात. कोण काय म्हणालं, याची नावानिशी नोंद राहत नाही. सदस्यांनी अध्यक्षांच्या निर्णयाला आव्हान देऊन मतविभाजन मागितलं, तरच आकडे आणि नावं पुढे येतात.

दुसरी, पक्षांतरबंदी कायदा. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली. पक्षाचा व्हिप असताना परवानगीशिवाय विरोधात मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, आणि पक्षानं पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. ‘आयाराम-गयाराम’ थांबवण्यासाठी हा कायदा आला, आणि तो का लागला हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पण त्याची दुसरी बाजू अशी, की व्हिप निघाला की खासदाराचं मत त्याचं राहत नाही, पक्षाचं होतं. रँकिन आज आपल्या लोकसभेत एखाद्या पक्षाच्या खासदार असत्या, तर त्या एका ‘नाही’पायी त्यांची जागा धोक्यात आली असती.

म्हणून आपल्याकडे व्होटिंग रेकॉर्ड बघायचंच नाही का? तसं नाही. काही वेळा नोंद होतेच. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. एका मतानं देशाचं सरकार गेलं. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथं मतविभाजन होतंच. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. विरोधातली दोन मतं एमआयएमची होती: हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा कोटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो पटो वा न पटो, त्यांची भूमिका आज कुणालाही तपासता येते. आणि उरलेल्या ४५४ जणांचं काय? त्यांतल्या प्रत्येकाचं मत मनापासूनचं होतं, की पक्षाचं? हे आकड्यावरून कळत नाही. ते विचारावं लागतं.

मग बघायचं कसं?

सुरुवात सोपी आहे. लोकसभेच्या संकेतस्थळावर चर्चांचा वृत्तांत असतो. मतविभाजन झालं असेल तर बाजूनं आणि विरोधात मत देणाऱ्यांची नावं त्यात सापडतात. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या साइटवर प्रत्येक खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न, भाग घेतलेल्या चर्चा आणि मांडलेली खासगी विधेयकं यांचे आकडे मिळतात. फक्त हजेरीवर भुलू नका. वर्गात शंभर टक्के हजेरी असलेला प्रत्येक जण अभ्यास करतोच असं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

रँकिन यांची यादी वाचताना जे केलं, तेच इथंही करा. एका गाजलेल्या मतावर माणूस मोजू नका. प्रचारात काय सांगितलं आणि सभागृहात काय केलं, हे शेजारी-शेजारी ठेवा. मत देण्यासाठी उभं राहायची वेळ आली तेव्हा ते हजर होते का, बघा. आणि ज्यांच्याकडे पैसा, ताकद आणि वर्तमानपत्रं आहेत अशांच्या विरोधात ते कधी गेले का, हेही बघा. ब्यूटच्या खाणकामगारांसाठी उभं राहणं, ही बाब मतदानाच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. पण रँकिन यांची बाजू कळायला ती ३८८ विरुद्ध १ इतकीच महत्त्वाची आहे.

अठरा पूर्ण झाली की आपण मोठ्या उत्साहात बोटावरच्या शाईचा सेल्फी टाकतो. टाकायलाच हवा. पण आपलं मत पाच वर्षांतून एकदा असतं, त्यांचं मात्र अधिवेशन चालू असताना कधीही येऊ शकतं. पुढच्या वेळी तुमचे खासदार कॉलेजच्या गॅदरिंगला पाहुणे म्हणून आले आणि प्रश्नोत्तरांसाठी माइक तुमच्या हातात आला, तर करिअरचा कानमंत्र मागू नका. साधा प्रश्न विचारा: ‘साहेब, किंवा ताई, शेवटच्या मतविभाजनात तुम्ही काय मत दिलंत? आणि व्हिप नसता तर काय दिलं असतं?’